पोचे दाणे

शंभुराजचं, थोरल्या नातवाचं, लग्न झालं त्या वर्षीच्या माघात एका सकाळी ईश्वरअप्पाच्या तळहातावर तुरीचा एक दाणा होता — चुरमडलेला, हलका, म्हाताऱ्याच्या कानासारखा — आणि असा दाणा दिसला की साठ वर्षांच्या सवयीनं अंगठा आपोआप टिचकी मारतो. पण आज टिचकी अडकली, कारण ओट्यावर बसलेली स्वप्ना एकेक पाकीट पालथं करून बघत होती आणि पाकिटागणिक तिचा चेहरा उतरत चालला होता.

स्वप्ना परभणीला शेतकी शिकणारी पोरगी. अप्पाच्या वावरात दोन गुंठ्यांवर तिनं तूर लावली होती, बियाण्यावर आधी कसलेसे किरण सोडून. किरणांनी बी आतून बिघडतं, मग त्या झाडाच्या काही दाण्यांतला गर्भ अर्ध्यातच वाढायचा थांबतो, तो नेमका कुठं थांबतो ते मला बघायचंय... असं तिनं पेरणीलाच सांगितलं होतं. पण गर्भ हा शब्द परक्या पोरीच्या तोंडून ऐकून अप्पा एवढा अवघडला, की पुढचं काही कानात शिरलंच नव्हतं.

काम तसं सोपं. एका झाडाच्या शेंगा सोलायच्या, दाणे एका पाकिटात, वर झाडाचा नंबर. नंबर टाकायची अप्पाला भारी हौस. पन्नाशीत अक्षरं शिकलेला माणूस, आकडा काढताना जीभ बाहेर येते... येऊ दे. आणि तीन दिवस त्यानं सोलता सोलता प्रत्येक पाकीट निवडलंही होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी शिकलेली, पण बियाणं निवडायचं तिला कोण शिकवणार? माझ्या हातचं बियाणं जिंतूरपर्यंत माणसं मागून नेत होती.

"अप्पा, ह्यातले पोचे दाणे कुठायत?"

"काढले की!" अप्पा शाबासकीची वाट बघत म्हणाला.

"काढून कुठं टाकले?"

"कुसुमबाईच्या कोंबड्यायला."

शेजारच्या कुसुमबाईच्या कोंबड्या तेव्हा अंगणातच होत्या. अप्पाच्या घरात अंड्याचं नावही निघत नाही, पण मूठभर दाणे टाकायला काय हरकत — आणि आता बघावं तर पोरीचा सगळा अभ्यास पोटात घेऊन त्या कशा माना उडवत चालल्या होत्या, जणू उद्या त्यांचीच परीक्षा.

"मला तेच पाहिजे होते, अप्पा," स्वप्ना म्हणाली. "चांगले दाणे तर बाजारात बी भेटतात."

बत्तीस झाडं कोंबड्यांनी खाल्ली होती. अठरा झाडांच्या शेंगा उरल्या होत्या. "अठरांत भागलं तर भागलं. न्हाई तर पुढल्या माघापोतर थांबायचं," असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि स्वतःच शेंगा सोलायला बसली. अप्पाही बसला, पण बोटं मांडीखाली दाबून. त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

एका शेंगेत चार दाणे निघाले, तीन टपोरे, एक पोचा. तिनं पोचा ब्लेडनं चिरला आणि भिंग धरलं. आत खसखशीएवढा ठिपका. "हा इथंच थांबला बगा."

"जमिनीत खोट असंल," अप्पा जाणकारासारखा म्हणाला.

"जमिनीत काही न्हाई. खोट दोन्हीकडून येती, अप्पा. नराच्या परागाकडून बी, मादीच्या बीजांडाकडून बी. एकीकडूनच आली तर दाणा चांगला भरतो, झाड बी धडधाकट दिसतं. दोन्हीकडून आली की थांबतो. चारात एखादा."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

"माणसात बी?"

"कधी कधी. सगळंच तसं नसतंय."

हे तिनं पुढची शेंग सोलत सोलत सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. अप्पानं मांडीखालचे हात काढले आणि ते कुठं ठेवावे हे त्याला कळेना... माझी तिसरी पोरगी. जन्मली ती चिमणीएवढी, रडलीच नाही. आई म्हणाली, सुनेच्या कुशीतच खोट. आणि मी? मी चार माणसांत, पाटावर बसून, बियाण्यातला जाणकार म्हणून बोललो होतो — जमीनच नासकी, त्याला बियाणं काय करणार. माणसं मान डोलावत होती. सिद्धम्मा, पोरीची आई, दारात उभी होती. ती आत गेली आणि पीठ चाळू लागली, आणि त्या चाळणीचा आवाज...

"अप्पा, सोलायलात ना?"

"सोलायलोय," तो म्हणाला. सोलत नव्हता.

पोरीचं नाव ठेवायचं राहिलं. ती गेली एकोणऐंशी साली, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. सिद्धम्मा गेली दोन वर्षांमागं, कार्तिकातल्या एका बुधवारी, दुपारी.