सुरात आणलेला दादा

संगीतकाराचा कान तिखट, आणि त्याचा त्याला भारी तोरा. दादा गेल्यापासून मात्र त्या कानाला चैन नव्हतं. सारी हयात लेथ मशीनवर काढलेला त्याचा थोरला भाऊ तीन महिन्यांपूर्वी उभ्या उभ्या गेला, आणि धाकट्याने त्याच्या प्रार्थनेवर दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोसाठी रचना लिहायला घेतली. लहानपणी दादा रोज सकाळी दाढी करताना ती मोठ्याने म्हणायचा. पुढे सोडली असावी. निदान याच्या कानांवर पुन्हा कधी पडली नाही.

रविवारी कार्यक्रम होता. त्याआधी वहिनींनी ऐकून ‘हे यांचंच’ म्हणावं, नाहीतर ही रचना वाजवायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

तालमीच्या खोलीत वहिनी पर्स मांडीवर धरून बसल्या. चेलोवाल्याने प्रार्थना उचलली, बाकीचे एकेक करून त्यात मिसळले. वाजवून झाल्यावर व्हिओलावाल्या बाईंनी डोळे पुसले. वहिनींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे कोणाचं?”

त्याने शब्द म्हणून दाखवले तेव्हा कुठे त्यांना ओळख पटली, आणि त्या हसल्या. यांना कसला आलाय सूर, म्हणाल्या. तिसऱ्या ओळीला घसरले नाहीत असा दिवस गेला नाही.

इथेच घोडं पेंड खात होतं. लिहिता लिहिता त्याने दादाला सुरात आणलं होतं, आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. त्याने चौघांना तिसरी ओळ घसरवायला सांगितली. चौघंही कसलेले, बोटं आपसूक खऱ्या स्वरावर जात. तो स्वतः गायला लागला, तर त्याचाही गळा सुरातच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या कानाचा राग आला.

“वहिनी, तुम्ही म्हणून दाखवा. एकदाच. मी लिहून घेतो.”

वहिनींनी मांडीवरची पर्स खांद्याला अडकवली.

“शेवटच्या दिवशीसुद्धा म्हटली होती त्यांनी. तुम्ही राहायला आलात की मात्र ओठांतल्या ओठांत. लहानपणी तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात ना, दादा, कान किटले, बंद कर.”

त्याला ते आठवतही नव्हतं. लाजेने त्याचे कान तापले.

“मला येते अगदी त्यांच्यासारखी,” वहिनी उठत म्हणाल्या. “पण भावोजी, तुमच्यासमोर नाही म्हणणार.”

रविवारी चौघांनी दुसरंच काहीतरी वाजवलं.