मी केळ नव्हे!

मित्रांनो, मी रंगाच्या जुन्या बादलीत वाढलेली हेलिकोनिया आहे. फुलझाड! आधीच बजावून सांगते, कारण युसूफ वडगावात सगळे मला केळ म्हणतात आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

वनमालाने मला बहिणीकडून आणले, तेव्हा मी नुसता गड्डा होते. तिने बादलीच्या बुडाला तापल्या सळईने भोके पाडली, शेणखताची माती भरली आणि मला कडुलिंबाच्या सावलीत ठेवले. वाऱ्याने माझी पाने फाटतात, म्हणून जुन्या साडीचा आडोसा बांधला. माती ओली हवी, पण पाणी साचायला नको, एवढेच माझे लाड. तिचे सासरे गहिनीनाथ मात्र येता-जाता टोमणा मारत, "लई पानी पिती ही केळ. घड कवा येनार?"

माझ्या एका दांड्याला जन्मात एकदाच फुलोरा येतो. दोन उन्हाळे सोसल्यावर यंदा माझ्या दांड्यांच्या पोटात तुरे भरले. वनमाला रोज हलक्या बोटांनी चाचपून पाहायची आणि स्वतःशीच हसायची.

तेवढ्यात घरात सत्यनारायण निघाला. चौरंगाला बांधायचे केळीचे खुंट बाजारात मिळाले नाहीत. गहिनीनाथांनी विळा उचलला आणि माझे चार दांडे सपासप कापले. कुणाला विचारले नाही की काही नाही! चार कोपऱ्यांना मला बांधले. लोक हात जोडत होते आणि मी तिथेच सुकत होते. कसली ही भक्ती?

वनमाला प्रसाद घेऊन आली आणि दारातच थबकली.

"मामा, माझं झाड कावून कापलं?"

"केळच हाय की. देवाच्या कामी आली."

तिने ताट खाली ठेवले. एक दांडा सोडवला, सगळ्यांसमोर सोलला आणि आतला कोवळा लाल तुरा सासऱ्यांच्या हातावर ठेवला.

"केळीत आसलं आस्तंय का? दोन वर्सं वाट बगितली मी."

गहिनीनाथ तुऱ्याकडे पाहत राहिले. आरती सुरू झाली. वनमाला आरतीला थांबली नाही.

बादलीत माझा एक बारका कोंब उरला होता, चौरंगाला पुरला नसता म्हणून वाचलेला. तो आता वाढला आहे. परवा शेजारचा मुंजाजी पूजेसाठी विळा घेऊन आला, तर गहिनीनाथ बाजेवरून ओरडले, "हात लावू नगंस बे! सुनेचं फुलझाड हाय ते."

वनमालाने मला तांब्याभर पाणी घातले.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. कापलेले ते चार तुरे मला कुणी परत देणार नाही. विळा उचलण्याआधी आमचे नाव तरी विचारत जा.