हिरवा चौकोन

“बसलेल्या कुत्र्याचा फोटो हवा असेल तर कुठलाही न्या, ताई. पळणाऱ्याचा म्हणताय, तिथं खरी गोम आहे,” असं म्हणत दुकानदारकाकांनी काचेच्या कपाटातून आणखी एक कॅमेरा काढून मऊ फडक्यावर ठेवला.

ताईचा जीव मात्र वरच्या फळीवरच्या थोरल्या कॅमेऱ्यात अडकला होता. त्याचं भिंग केवढं, रुबाब केवढा. तिनं तो मागून घेतला, डोळ्याला लावला आणि जरा वेळातच तिचं मनगट भरून आलं.

“ठेवा खाली,” काका म्हणाले. “हात दुखायला लागला की माणूस कॅमेरा कपाटात ठेवतो. आणि कपाटात कुत्री पळत नाहीत.”

मग त्यांनी धाकटा पुढे केला. झोपलेल्या तान्ह्याचं डोकं तळहातावर विसावावं, तेवढंच त्याचं वजन. बटणंही मोजकी. वरची चकती पळणाऱ्या माणसाच्या चित्रावर आणून ठेवायची, नवशिक्याला एवढं पुरे, बाकीचं तो बघतो, असं काकांनी समजावलं. पडद्यावर एक हिरवा चौकोन तरंगत होता. तो डोळा शोधतो म्हणे, माणसाचा, कुत्र्याचासुद्धा, आणि एकदा सापडला की सोडत नाही. ताईला हे फार आवडलं.

समोरच्या चपलांच्या दुकानापुढे एक पिवळं कुत्रं लोळत पडायचं आणि येणाऱ्या प्रत्येक स्कूटरमागे धावायचं. आपली निम्मी गिऱ्हाइकं त्यानंच पटवलीत, असं काका सांगत. स्कूटर आली, कुत्रं सुटलं, ताईनं बटण दाबलं. पडद्यावर नुसती शेपूट. पुन्हा स्कूटर, पुन्हा शेपूट.

“शेपट्या जमवताय का?” काका मिश्कीलपणे म्हणाले. “कुत्रं पळालं की दाबू नका. पळणार, असं वाटलं की दाबा.”

तिसऱ्या वेळी ताईनं पायांकडे पाहिलंच नाही, कानाकडे पाहिलं. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात ती कुत्र्यांना अंघोळ घालायचं काम करायची. टबातून उडी मारण्याआधी कुत्र्याचा कान हलतो, हे तिच्या ओल्या हातांना कधीचं ठाऊक होतं. कान हलला, तिनं दाबलं. पिवळं कुत्रं रस्त्यावर अधांतरी, तोंड उघडं, जणू हसतंय.

मिक्सरसाठी साठवलेल्या पैशांतून कॅमेरा आलेला पाहून सासूबाईंनी विचारलं, वाटण आता फोटोतच वाटायचं का. पण चौकोन त्यांच्याच डोळ्यावर येऊन बसला, तेव्हा त्यांनी गुपचूप केस सारखे केले. त्यांना दमा होता. कुत्र्याचा केस घरात आला तरी त्यांची छाती भरायची. नाहीतर ताईनं निवाऱ्यातल्या भिंगरीला केव्हाच घरी आणलं असतं.

भिंगरीला पुढचा एक पाय नव्हता. निवाऱ्याच्या फाटकाशी भिंतीवर कुत्र्यांचे फोटो लावलेले असत. तिथं भिंगरी बसलेली होती, आणि बसलेल्या भिंगरीचा नसलेला पायच आधी दिसायचा. लोक हळहळायचे आणि शेजारच्या फोटोकडे वळायचे. तिच्याबरोबरची सगळी पिल्लं कुणाकुणाच्या घरी गेली. ही मात्र धावायला लागली की वारा प्यायल्यासारखी धावायची. ते भिंतीला कुठून कळणार?

एका सकाळी निवाऱ्याच्या मागच्या मैदानावर धुकं उतरलं होतं. गवत कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. ताई ओल्या गवतावर पोटावर पालथी झाली. लांब, त्या दुधाळ उजेडात, भिंगरी उभी होती. तिचा कान हलला.

फोटोत जमीन नव्हतीच. धुक्यातून एक तपकिरी जीव तरंगत येत होता, कान मागे उडालेले, डोळ्यात अख्खी सकाळ. निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा जुना फोटो काढला आणि हा लावला.

काही दिवसांनी एक बसड्रायव्हर मुलीला घेऊन आला. दुसरं कुत्रं ठरवून आलेले बापलेक भिंतीपाशीच थबकले. ताई भिंगरीला घेऊन आली आणि त्यांनी पाहण्याआधीच म्हणाली, “पाय तीनच आहेत हं हिला. फोटोत कळत नाही.”

ड्रायव्हरनं पाहिलं. मुलगी मैदानाकडे पळत सुटली, तिच्यामागे भिंगरी, आणि दोघी गवतावर गोल गोल फिरत राहिल्या.

“मोजायला वेळ कुठं देतेय ती,” ड्रायव्हर म्हणाला.

ताईनं भिंगरीला शेवटची अंघोळ घातली, पोटाखालीसुद्धा नीट पुसलं. गाडीत बसताना भिंगरीनं मागं वळून पाहिलं नाही, पुढच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं. ते बरंच झालं, असं ताईनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

मग ती मागच्या मैदानावर गेली. कॅमेरा गळ्यात होता, तो तिनं उगाच डोळ्याला लावला. हिरवा चौकोन गवतावरून फिरला, कुंपणापर्यंत गेला, परत आला. बराच वेळ तो शोधत राहिला. ताईनं त्याला शोधू दिलं.