बंद कारखान्याचे साहेब

आमच्या संस्थेच्या पाटीवर ‘पितृत्व विकास व कुटुंब संपर्क कार्यक्रम’ असं लिहिलेलं होतं. एवढं नाव वाचून होईपर्यंत एखाद्याची शिक्षा भोगून व्हायची. म्हणून बीडच्या जेलातली माणसं त्याला सरळ बापशाळा म्हणत. त्या शाळेची बाई मी, तुळजाबाई. दर बुधवारी कैद्यांना बापपण शिकवायचं, उरलेले दिवस एसटीनं त्यांच्या गावी जाऊन बायका-लेकरांना भेटायचं, आणि अधूनमधून जेलच्या साहेबांची परवानगी काढून बाप-लेकरांची गळाभेट घडवून आणायची, हे माझं काम. गळाभेटीला मधे जाळी नाही, काच नाही. पोरानं सरळ बापाच्या मांडीवर बसायचं.

शाळेचा नियम एकच, लेकराशी खोटं बोलायचं नाही. नियम मीच केलेला आणि मीच ओरडून पाळायला लावलेला. जेलातले शिपाईसुद्धा म्हणायचे, बाईचा आवाज भिंतीपलीकडं जातो.

वर्गातला सगळ्यात गरीब विद्यार्थी आश्रुबा. आष्टी तालुक्यातला ऊसतोड कामगार. तोंडावरची माशी हाकलणार नाही असा माणूस. पण दुष्काळात टँकरवर नंबरावरून भांडण झालं आणि यानं भरलेली घागर टँकरवाल्याच्या डोक्यात घातली. जन्मात एकदा हात उचलला तोही सगळं गाव रांगेत उभं असताना. साक्षीदार शोधायला पोलिसांना चपला झिजवाव्या लागल्या नाहीत. दोन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून त्यानं आपल्या पोरीला, शिवकन्येला, पाहिलं नव्हतं. पोरगी सात वर्षांची. दर बुधवारी तो वर्ग संपला की मागं रेंगाळायचा आणि म्हणायचा, "बाई, तेवढं माझ्या लेकीचं बघा."

बघायला मी त्याच्या गावी गेले. त्याच्या बायकोनं, पारूबाईनं, आधी चहा ठेवला आणि मग पोरीला भेटीला आणायला नकार दिला. चहा चांगला होता.

"शिवकन्येचा बाप कारखान्याला गेलाय," ती म्हणाली. "तिला तसंच सांगितलंय. गावानं बी तसंच सांगितलंय."

थाप तशी चोख होती. त्या भागात दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन साखर कारखान्यांवर जातं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततं. आश्रुबाला नेलं तेही दिवाळीच्या सुमारासच. कुणाचा बाप कारखान्याला गेला तर त्यात विचारण्यासारखं काय? पण पावसाळ्याआधी सगळ्यांचे बाप परत आले, शिवकन्येचा आला नाही. पुढं तर दुसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही. ऊस वाळला, कारखान्यांचे बॉयलर पेटलेच नाहीत, आणि त्या दिवाळीला कुणीच गेलं नाही. गावातले सगळे बाप पारावर नाहीतर चारा छावणीत जनावरांपाशी बसलेले, आणि एकट्या शिवकन्येचा बाप कारखान्याला!

गावातली दूध सोसायटी बुडाली होती, पतसंस्थेला कुलूप होतं, पण ही थापांची सोसायटी जोरात चालली होती. सगळं गाव सभासद. चेअरमन म्हणजे मुंजाजी मुकादम, गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा. मी त्याला बोलावून घेतलं.

"काय करावं बाई," तो म्हणाला, "पोरगी लई चिकित्सक. कारखाना बंद हाय मग माझे पप्पा कावून येत न्हाईत म्हणली. म्या म्हणलं, राखणीला ठिवलेत. मग म्हणली, राखणदाराला सुटी नसती का? म्या म्हणलं, आता सुपरवायझर केलेत."

"आणि आता?"

मुंजाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आता एमडीच्या खालोखाल हायेत."

आश्रुबाला अशी बढती मिळत गेलेली. आणखी एक दिवाळी गेली असती तर तो चेअरमनच व्हायचा. मला हसू आलं आणि रागही आला. मी पारूबाईला माझा नियम ऐकवला. तिनं तो ऐकून घेतला आणि तोड काढली.

"बाई, भेटवायचंच तर जेलालाच कारखाना म्हणा की. भिताड हाय, गेट हाय, गेटावर शिपाई हाय. कारखान्याला आनिक काय लागतं?"

"ऊस लागतो," मी म्हणाले.

"ऊस तर आवंदा कारखान्यालाबी न्हाई."

शेवटी ठरलं ते असं, की पोरीला आणायचं, आणि काय सांगायचं ते आश्रुबानं सांगायचं. पारूबाई लगेच तयार झाली. नवऱ्याला तोंड नाही याची तिला खात्री होती.

पुढच्या बुधवारी वर्गात आम्ही भेटीची तालीम घेतली. शिवकन्येचं काम वर्गातल्याच सटवाकडं दिलं, कारण सटवा हौशी. मिशा कानापर्यंत, देह म्हशीएवढा. तो मांडी घालून बसला आणि बारीक आवाजात म्हणाला, "पप्पा, खाऊ काय आनला?" वर्ग लोळून हसला. शिपाई बंकटसुद्धा भिंतीकडं तोंड करून हसला. आश्रुबानं "शिवकन्ये, मी..." एवढं म्हटलं आणि थांबला. तीनदा थांबला. मग मला म्हणाला, "बाई, खरं सांगितलं आन् ती जवळच आली न्हाई तर?"

बाई म्हणून मला तिथं पगार मिळत होता, पण त्या प्रश्नापुढं माझी विद्या संपली. मला त्याची फार कीव आली. मी म्हणाले, "साहेब म्हणून जवळ येईल असं तरी कुणी सांगितलंय?" हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते.

गळाभेटीच्या दिवशी मुंजाजीच्या जीपमधून पारूबाई आणि शिवकन्या आल्या. शिवकन्येनं शाळेचा गणवेश घातला होता. साहेबाला भेटायचं म्हणजे तसंच जायचं असतं, असं तिचं मत. पाणी कमी म्हणून गणवेश नुसता झटकलेला, पण बटणं सगळी लावलेली. व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. आश्रुबा आधीच येऊन बसला होता. तिला पाहताच त्यानं दोन्ही हात पुढं केले.

पोरगी चार हात लांब थांबली आणि तिनं हात जोडले. "नमस्ते."

आश्रुबाचे हात तसेच राहिले. मला तिथंच ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं ते कळेना. शिवकन्येनं घसा साफ केला आणि पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाली, "पप्पा, आमच्या वर्गातल्या पोरायनी सांगितलंय, तुमचा कारखाना चालू करा. समद्यायचे पप्पा घरीच बसून हायेत. त्यायला कामाला लावा."

मुंजाजी टोपीशी खेळू लागला. पारूबाईनं पदर तोंडाला लावला. गावभरच्या थापा गोळा होऊन आता त्या एका माणसापुढं उभ्या होत्या. नुसतं "बरं, करतो" म्हटलं असतं तर भागलं असतं. पारूबाई डोळ्यांनी त्याला तेच सांगत होती.

आश्रुबानं हात खाली घेतले. "शिवकन्ये, मी सायेब न्हाई. हा कारखाना न्हाई. हा जेल हाय."

पोरीनं जोडलेले हात सोडले.

"म्या एका माणसाच्या डोस्क्यात घागर घातली. म्हणून मला इथं ठिवलंय."

"कुनाच्या?"

"टँकरवाल्याच्या."

"पान्यापायी?"

"हां."

"मग पानी भेटलं का?"

"न्हाई," आश्रुबा म्हणाला. "सांडलं."

शिवकन्येनं विचार केला. तिनं व्हरांडा बघितला, बंकटचा पट्टा बघितला, मुंजाजीकडं असं बघितलं की चेअरमननं राजीनामाच द्यावा. मग परत बापाकडं वळली.

"मग तुमी इथं काय करता?"

"बसून असतो."

"रिकामंच बसायचंय तर घरी येऊन कावून बसत न्हाईत?"

आश्रुबाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. साहेब असं रडत नसतात, हे पोरीला बहुतेक कळलं असावं. ती चार हात चालून आली, त्याचं बोट धरलं आणि ओढलं. "चला."

आश्रुबा उठला. बंकट पुढं होणार होता, तेवढ्यात त्याला छताला काहीतरी दिसलं आणि तो वर बघत राहिला. बाप-लेक व्हरांडाभर चालत गेले. ती पुढं, तो मागं, बोट तिच्या मुठीत. लोखंडी दाराशी आश्रुबा थांबला आणि उकिडवा बसला.

"इथून पुढं मला येता येत न्हाई, बाई माझे. तू आईसंगं जा."

तिनं दाराकडं बघितलं, दारापलीकडं बघितलं. मग एकदम त्याच्या गळ्यात हात टाकले आणि घट्ट धरून राहिली. बंकट छताकडंच बघत होता. पारूबाई मोठ्यानं रडत होती आणि मलाही काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं पोरीनं बापाला सोडलं, त्याचा सदरा नीट केला आणि आई बाजाराला जाताना तिला सांगते तसं बोट नाचवत सांगितलं, "मी येते परत. तवर इथंच थांबा. कुठं जाऊ नका."

"न्हाई जात," आश्रुबा म्हणाला.