तळघराच्या दारापर्यंत

“आपण वाईन प्यायला चाललोय की बस लावायला?” बायकोने नकाशावर बोट ठेवून विचारलं.

नकाशावर त्याने तीन तळघरांभोवती गोल केले होते. पहिल्याकडे बस वळवायला ऐसपैस जागा, दुसऱ्याकडे झाडाची सावली, तिसऱ्याकडे स्वच्छतागृह फाटकाबाहेरच.

“आणि आत काय आहे?”

“आत वाईन आहे.”

“अहो, ते मलाही माहीत आहे.”

सहलीच्या बसवर त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. फसफसत्या वाईनच्या तळघरांशी माणसं उतरवायची आणि तासा-दोन तासांनी परत भरायची. स्टिअरिंग हातात असताना थेंबही घ्यायचा नाही, हा कंपनीचा नियम होता आणि त्याचा स्वतःचाही. उतरताना प्रवासी घड्याळाकडे बघत, चढताना एकमेकांकडे बघत. मधल्या वेळात खाली काय होतं, ते त्याला कधी कळलं नाही.

घरी आल्यावर मात्र तो सगळं सांगे. येताना भांडत आलेलं जोडपं परत जाताना एका सीटवर कसं झोपलं, तोंडाला कुलूप लावून बसलेला म्हातारा गाणं कसं म्हणू लागला. बायको शिवणयंत्रावर गिऱ्हाइकांचे पडदे शिवत ऐकायची आणि म्हणायची, “एकदा मलाही न्या की.” तो म्हणे, “सुट्टी मिळू दे.” हंगामात सुट्टी मिळत नसे आणि हंगाम सरला की तळघरं बंद होत. असं करता करता तो निवृत्त झाला, आणि यंत्र पायाने मारून मारून तिचे गुडघे बोलू लागले.

आता त्याच्या बसवर चष्मेवाला आला होता. त्याच्याच हाताखाली शिकलेला, स्वतःही पन्नाशीला टेकलेला. त्याने आपल्या मागच्याच दोन सीट राखून ठेवल्या. “उस्ताद, खुशाल बसा. ब्रेक मात्र माझे मलाच दाबू द्या.”

तीनपैकी बायकोने एकच तळघर ठेवलं, डोंगराच्या पायथ्याचं, सगळ्यात जुनं. “एका दिवसात तीन कशाला? आपल्याला काय पाहणी करून अहवाल द्यायचाय?” खाली गारठा असतो असं प्रवासी म्हणत, म्हणून तिने त्याच्या कोटाला नवं अस्तर लावायला घेतलं.

टेस्टिंगचं बुकिंग करायला त्याने फोन लावला. पलीकडच्या मुलीने तारीख लिहून घेतली, मग म्हणाली, “काका, एक सांगते. खाली जायला गोल जिना आहे. लिफ्ट नाहीये.”

“पायऱ्या जास्त आहेत का?”

“भरपूर. तरुण मंडळीही मध्ये थांबून दम खातात.”

“वर टेबल लावत नाही का कुणासाठी?”

“चाखायचं खालीच. वर नुसतं दुकान आहे.”

त्याने फोन ठेवला. तळघर म्हटलं की पायऱ्या आल्याच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या दाराशी तो इतकी वर्षं उभा राहिला, पण दाराआड जिना असेल हे कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“रद्द करू,” तो म्हणाला. “लिफ्ट नाही. बाटली आणू आणि घरी बसून घेऊ.”

बायकोने अस्तराचा दोरा दाताने तोडला. “बाटली तर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. तुम्ही खाली जा. मी बसते बसमध्ये.”

“वेड लागलंय का? तुला वर सोडून माझ्या घशाखाली घोट उतरेल?”

“उतरेल. वाईन आहे ती, एरंडेल नाही.” मग कोट झटकत ती हळूच म्हणाली, “दारापर्यंतच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या मी. एकदा आतलं येऊन सांगा.”

ठरल्या दिवशी तिला बसमध्ये बसवून तो गेला. जिना संपेपर्यंत लोकांचे आवाज आपोआप हळू झाले. ओलसर भिंती, आडव्या बाटल्यांच्या काळोखात शिरणाऱ्या रांगा. तळघर दाखवणाऱ्या बाईने ग्लास भरले, तशी सगळी माणसं आपापल्या शेजारच्याकडे वळली आणि काच किणकिणली. त्याच्या शेजारी भिंत होती.

“बाई, हा वर नेला तर चालेल?” त्याने विचारलं. “घरची मंडळी वर आहेत.”

बाईने जिन्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “सांभाळून न्या.”

ग्लासच्या तोंडावर तळहात धरून, भिंतीला खांदा घासत तो चढला. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर म्हाताऱ्या प्रवाशांना घेऊन जावं, तसा. मध्ये दोनदा थांबला. वर ऊन डोळ्यांत शिरलं. बसचं दार उघडं होतं. पहिल्या सीटवर पाय लांब करून बसलेली बायको चष्मेवाल्याला काहीतरी सांगून हसवत होती. रेडिओ चालू होता.

तिने ग्लास घेतला. “तुम्ही प्यायलात?”

“आधी तू.”

तिने तो उन्हात धरला. एखाद-दुसरा बुडबुडा कडेने वर आला. “हिला फारसा फेस नाही हो.”

“जिना होता ना,” तो म्हणाला. अजून धापा टाकत होता.

“आणि खाली काय आहे?”

“गार आहे. लोक हळू बोलतात...”

तिने मान डोलावली, ग्लास कानाशी नेला आणि उरलेली बारीक फसफस ऐकायला डोळे मिटले. चष्मेवाल्याने हात लांब करून रेडिओ बंद केला.