कोर्ट उठेपर्यंत

"तू काही बोलू नकोस. नुसती मान खाली घालून उभी राहा," बाबांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर पुन्हा बजावलं.

"मान मी मशीनवर खाली घालते, दादा. इथे कशाला?" आत्या म्हणाली.

माझ्या आत्याला स्किझोफ्रेनिया आहे. कित्येक वर्षं तिच्या कानात माणसं बोलतात, आणि ती गोळ्या घेऊन, त्यांना दटावून, शाळांचे गणवेश शिवते. कारखान्याच्या मुकादमाला हे कुठून तरी कळलं आणि त्याने तिची कात्री कुलपात टाकली. बाकीच्या बायकांकडे कात्र्या, हिने दोरा दातांनी तोडायचा. महिनाभर तिने ब्र काढला नाही. मग एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बघा, उंदीर लागला कामाला." आत्याने टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि त्याच्या कपाळात हाणली. टाके पडले. मला मेलं जराही वाईट वाटलं नाही.

वकिलांचा बेत सरळ होता. तेव्हा ती भानावर नव्हती असं सांगायचं आणि सुटायचं. बाबांना वकील देवासारखे वाटले. आत्याचा एकच प्रश्न होता: एकदा भानावर नाही असं ठरलं, की पुन्हा कात्री हातात कोण देईल?

न्यायाधीशबाईंनी विचारलं, त्या वेळी आवाज ऐकू येत होते का.

"येत होते," आत्या म्हणाली. वकिलांचा जीव भांड्यात पडला.

"काय सांगत होते?"

"मारू नकोस म्हणत होते. मी ऐकलं नाही. मारलं ते मी, माझ्या रागाने."

बाबांनी डोक्याला हात लावला. ही गुन्ह्याची कबुली आहे, कळतंय ना, असं बाईंनी सावकाश विचारलं.

"कळतंय. शिक्षा द्या. वेडी म्हणून सोडू नका."

बाईंनी तिला दोषी ठरवलं. शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंतची. संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. बाहेर येऊन चहा घे, कोण बघतंय, असं बाबा कुजबुजले. शिपायानेही मान डोलावली. आत्या बाकावरून हलली नाही.

"मला शिक्षा झालीय, दादा," ती म्हणाली. "शहाण्या माणसाला होते तशी."

शिपायाने एकेक करून पंखे बंद केले. तिच्या डोक्यावरचा तेवढा चालू ठेवला.