वर गेलेल्याची जागा

रिलेटिव्हिस्टिक क्वांटम मेकॅनिक्स या पेपरात मी एकदा आपटले होते. पुन्हा आपटले तर एमएस्सी बंद आणि चाकणच्या कंपनीत क्वालिटीला चिकटायचं, असा अण्णांचा हुकूम होता. अण्णा तिथंच सुपरवायझर. माझा जन्म नटबोल्ट तपासायला झालेला नाही, हे त्यांना सांगून मी दमले होते.

त्याच पेपराच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी रहाटणीच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता मी मोठ्यानं पाठ करत होते. शून्याखालच्या ऊर्जेच्या जागा इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेल्या असतात. बाहेरून ऊर्जा मिळाली की एखादा उडी मारून वर जातो. इंग्रजी डोक्यात राहत नाही, म्हणून माझं घरगुती मराठी चालू होतं: "खालच्या सगळ्या जागा भरलेल्या. एक वर गेला, की जागा रिकामी. आणि ती रिकामी जागा म्हणजेच पॉझिटिव्ह."

आत अण्णा चहा पीत होते. थोड्या वेळानं आई येऊन म्हणाली, कुणाच्या मरणावर डोळा ठेवू नये बाई. मला वाटलं, शेजारच्या आजारी आजोबांच्या फ्लॅटबद्दल बोलतेय.

दुसऱ्या दिवशी निगडीला कॉलेजात तोंडी घेणाऱ्या निरंजन सरांच्या केबिनबाहेर उभी होते, तर आतून अण्णाच बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर लग्नकार्यातली टोपी. माझ्याकडे न बघता बाकावर बसले. म्हटलं, यांनी माझं नावच काढून टाकलं.

आत सर ओठ दाबून बसले होते.

"तुझे वडील सांत्वनाला आले होते," ते म्हणाले. "मग हात जोडून म्हणाले, 'गेलेल्या मास्तरांचं वाईट वाटतं. पर जागा रिकामी झालीच हाय, अन् पोरगी म्हणती पॉझिटिव्ह हाय, तर आमच्या स्वप्नालीचा इचार करा. कंपनीत तिचं मन न्हाई रमायचं.'"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. इतके दिवस मी या माणसाशी भांडत होते.

"आता सांग," सर म्हणाले, "गेलं कोण? आणि जागा पॉझिटिव्ह कशी?"

मी सांगितलं. ऋण भाराचा इलेक्ट्रॉन वर गेला, की मागं राहिलेली उणीव धन भारासारखी वागते. इतकं धडाधड मला जन्मात आलं नव्हतं. सरांनी तिथल्या तिथं पास म्हणून टाकलं.

बाहेर अण्णा उठून उभे राहिले. मी सांगितलं की पास झाले, नोकरी वगैरे काही नाही, कुणी मास्तर गेलेले नाहीत, गेला तो इलेक्ट्रॉन.

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"फार वय न्हवतं का गं त्याचं?"